सिंधुबाईंच्या हातचं दही

मनीषाच्या ताटात वाढप्यानं फुलका टाकला, त्यावर तुपाची धार सोडली, आणि टेबलाच्या पलीकडे बसलेल्या सिंधुबाईंचा घास हातातल्या हातातच राहिला... बावीस वर्षांत आज पहिल्यांदा त्या या पोरीला समोरासमोर बसून जेवताना बघत होत्या!

नांदगावच्या घरी तसा योग कधी आलाच नाही. तिथे सिंधुबाई गॅसपाशी उभ्या, भिंतीकडे तोंड करून भाकऱ्या करणार आणि त्यांची धाकटी जाऊ सुवर्णा वाढणार. घरातल्या कुणालाही भाकरी हवी असली तर सिंधुबाई वळून त्याच्या ताटात टाकत. मनीषाची भाकरी मात्र तव्यावरून टोपल्यात जायची आणि टोपल्यातून सुवर्णाच्या हातानं तिच्या ताटात. वर्षानुवर्षं हे असंच चालत आलं आणि घराच्या अंगवळणी पडून गेलं. कुणी विचारलंच तर सुवर्णा हसून म्हणायची, "माझी पोर लाडाची, तिला वाढायला आईच लागते."

इथे गंगापूर रोडवरच्या या हॉटेलात कारभारच निराळा! फेटे बांधलेले वाढपी एकामागून एक येत होते. कोण थोरलं, कोण धाकटं, कुणाचं कुणाशी काय नातं, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. वाटी रिकामी दिसली की भरली. कुणाच्या हातानं वाढायचं हा प्रश्नच मिटला! सिंधुबाईंना वाटलं, देवानं आपल्यासाठीच हे हॉटेल काढलं असावं. आज डोळे भरून बघून घ्यावं... कारण चार वाजता नाशकातल्या द्वारका चौकातून मुंबईची बस होती आणि उद्या पहाटेचं विमान मनीषाला मस्कतला घेऊन जाणार होतं. तिथल्या दवाखान्यात नर्सची नोकरी, दोन वर्षांचा करार, मधे सुट्टी नाही.

पोर परदेशी जाणार म्हणून तर ही सहल निघाली होती. बी-बियाण्याचं दुकान चार दिवस बंद ठेवून अख्खं घर एका सुमोत बसलं. सिंधुबाईंचे यजमान खंडेराव, धाकटे दीर सोमनाथ, सुवर्णा, मनीषा, आणि गाडी चालवायला सिंधुबाईंचा मुलगा कुंदन. शिर्डी झाली, त्र्यंबक झालं, वणीचा गड झाला, आणि काल संध्याकाळी नाशकात मुक्कामाला आले. कालपर्यंत पोटाला घरच्या दशम्याच होत्या, त्याही गाडीत नाहीतर खोलीत हातावर घेऊन खाल्लेल्या. वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या होत्या. सकाळी उठल्याबरोबर सिंधुबाईंनी खोलीतल्या चादरी झटकून घड्या घातल्या, चहाचे कप धुऊन उपडे ठेवले आणि केरसुणी मागायला त्या खाली निघाल्या, तेव्हा कुंदननं कोपरापासून हात जोडले.

"आई, अगं हॉटेल आहे हे! तू झाडून दाखवलंस तर कामालाच ठेवून घेतील तुला."

सगळे पोट धरून हसले. मनीषा हसली नाही.

कालपासून तिचं हे असंच चाललं होतं. गडावरून खाली उतरल्यावर सिंधुबाईंनी प्रसादाचा पुडा सोडला आणि एकेकाच्या हातावर पेढा ठेवत आल्या. मनीषानं ओंजळ पुढे केली... अगदी लहान मुलीसारखी, दोन्ही हात जुळवून! सिंधुबाईंची बोटं क्षणभर त्या ओंजळीवर थबकली आणि मग त्यांनी तो पेढा शेजारी उभ्या असलेल्या सुवर्णाच्या हातावर ठेवला. "हा मनीचा गं," एवढंच म्हणून त्या पुढे झाल्या. मागे ती ओंजळ मिटलेली त्यांनी पाहिली नाही; पण न पाहताही काही गोष्टी पाठीला कळतात. तेव्हापासून पोर गप्प होती. आताही ती जेवत होती, पण चित्त ताटात नव्हतं. मधूनच मान वर करून सिंधुबाईंकडे बघायची, आणि त्या नजरेत काय होतं ते वाचण्याचं धैर्य सिंधुबाईंच्या अंगी नव्हतं.

"मनी, कढी घे की अजून," सुवर्णा म्हणाली.

"पुरे आई."

"वहिनी, तुम्ही तर काहीच खात नाही," सोमनाथ म्हणाला. "ताट आलंय तसंच हे."

"खाते भाऊजी," सिंधुबाई म्हणाल्या, आणि बराच वेळ हातात धरलेला घास त्यांनी एकदाचा तोंडात घातला.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. तेव्हा घर नांदगावला आलं नव्हतं, खेड्यावर शेतातच होतं, आणि दोघी जावा एकाच वेळी बाळंत होणार होत्या. सिंधुबाईंचा कुंदन तेव्हा चार वर्षांचा. सुवर्णाची आधीची दोन गेलेली. तिसरा मुलगा झाला, दोन तास जगला, आणि तोही गेला. आठच दिवसांनी सिंधुबाईंना मुलगी झाली. एका खोलीत दूध होतं आणि मूल नव्हतं. मधे फक्त एक भिंत, आणि त्या भिंतीपलीकडून तान्ह्याचं रडणं! सुवर्णा जेवेना, बोलेना. एका दुपारी ती विहिरीच्या काठावर आत पाय सोडून बसलेली दिसली. नऊ दिवसांची बाळंतीण सिंधुबाई, कमरेला फडकं बांधलेलं, तशीच अनवाणी धावली आणि दंडाला धरून तिला ओढून घेऊन आली. कुणाशी काही बोलली नाही, कुणाला विचारलं नाही. पाळण्यातली पोर उचलली आणि सुवर्णाच्या ओटीत घातली.

"घे. ही तुझी."

पोर सुवर्णाच्या छातीशी लागली, आणि इतके दिवस दगड झालेली ती बाई ढसढसा रडली!

सासूबाई गोजराबाई दारात उभ्या होत्या. बाई करडी, पण काळजानं वाईट नव्हे. त्या म्हणाल्या, "सिंधू, द्यायची तर पुरती दे. पोर ज्याच्या हातचं खाते त्याची होते. दोन हातांची पोर दोन्हीकडून उपाशी राहते." मग त्यांनी सिंधुबाईंचा हात त्या इवल्या टाळूवर ठेवायला लावला. "म्हण, हिच्या तोंडात माझ्या हातचा घास जाणार नाही. गेला तर हिचं बरं होणार नाही." सिंधुबाईंनी ते म्हटलं. शेवटचं वाक्य म्हणताना त्यांची जीभ अडखळली, तेव्हा गोजराबाईंनी ते पुन्हा म्हणायला लावलं. खंडेराव उंबऱ्यात होते. ते गोठ्याकडे निघून गेले. मग कित्येक दिवस सिंधुबाई छातीला घट्ट फडकं बांधून हिंडत होत्या, आणि बाळंतपणाचा डिंकाचा लाडू त्या स्वतःच्या हातानं सुवर्णाला भरवत होत्या. तो लाडू शेवटी त्या पोरीच्याच पोटात जाणार, एवढाच काय तो दिलासा!

नांदगावला आल्यावर ती गोष्ट खेड्यावरच राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची. शाळेच्या दाखल्यावर मनीषा सोमनाथ, आणि सिंधुबाई तिची काकू.

"पावणेतीन वाजले बरं का," सोमनाथनं घड्याळ पाहिलं. "द्वारकेला ट्राफिक लागलं तर पंचाईत."

"मग दही इथंच देते हिला," सुवर्णा म्हणाली. घरातलं कुणी लांबच्या वाटेला निघालं की त्याच्या हातावर दहीसाखर ठेवायची, ही रीत नांदगावच्या घरात कधी चुकली नव्हती. समोर वाटीत दही होतंच. सुवर्णानं साखर मागवली, चमच्यानं ढवळली आणि म्हणाली, "हात पुढं कर, बाळा."

मनीषानं हात पुढे केला नाही.

"थांब आई. दही काकू देतील."

सुवर्णाच्या हातातला चमचा वाटीच्या काठाला लागून किणकिणला.

"आईच्या हातचं घ्यावं गं निघताना," सिंधुबाई कशाबशा म्हणाल्या. "तेच शकुनाचं असतं."

"घरातल्या थोरल्या बाईनं द्यायचं असतं, काकू. तुम्हीच सांगता सगळ्यांना." मनीषाचा आवाज शांत होता, आणि म्हणूनच त्याची भीती वाटत होती. "दादा पुण्याला गेला तेव्हा तुम्ही दिलंत. बाबा मुंबईला माल बघायला जातात तेव्हा तुम्ही देता. शेजारच्या लंकाबाईंचा मुलगा परीक्षेला निघाला तर त्याला रस्त्यातून हाक मारून दिलंत! मला दहावीला नाही, बारावीला नाही, नर्सिंगला गेले तेव्हा नाही. आज मी समुद्रापलीकडे चालले. आज तरी द्या."

इकडे आड, तिकडे विहीर! द्यावं, तर टाळूवर हात ठेवून घेतलेली शपथ... आणि तीही नेमकी आज मोडायची, पोर विमानात बसायच्या आदल्या दिवशी? न द्यावं, तर ही पोर काय मनात घेऊन दोन वर्षं परक्या मुलखात राहणार? त्यांनी मदतीसाठी सुवर्णाकडे पाहिलं. सुवर्णानं मान खाली घातली होती. तिनंच चमचा पुढे केला, तर मनीषानं दोन्ही हात टेबलाखाली नेले.

"मनी, काय हट्ट हा?" सोमनाथ दबल्या आवाजात म्हणाला. "माणसं बघतात."

"बघू द्या, बाबा. मला माहीत आहे सगळं."

"काय माहीत आहे?" कुंदननं विचारलं. त्या टेबलावर काहीच ठाऊक नसलेला तो एकटा होता.

"मी कुणाच्या पोटची ते."

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी मोठ्यानं हसलं, एक वाढपी "पुरणपोळी, पुरणपोळी" म्हणत आला आणि यांचे चेहरे बघून तसाच पुढे गेला. सुवर्णाच्या तोंडाचा रंग उडाला. बावीस वर्षं ज्या क्षणाच्या धास्तीनं ती झोपेतून दचकून उठत आली होती, तो क्षण असा, भर दुपारी, कढीच्या वाटीशेजारी येऊन बसला होता!

"आठवीत होते मी," मनीषा म्हणाली. "बांगड्या भरायला कुसाबाई यायची ना, तिनं सांगितलं. तिचं माहेर आपल्या खेड्यावरचं. मी घरी आले तर आई तेलाची वाटी घेऊन बसली होती, माझी वेणी घालायला. मी बसले तिच्यापुढं. काही बोलले नाही... काय बोलायचं होतं? मला आई होती." ती सुवर्णाकडे वळली. "आई, तू माझी आईच आहेस. त्यात तसूभर फरक नाही पडला, पडणार नाही. हे आज सांगते, कारण तू उगाच भीत राहतेस. मला कळतं ते."

मनीषानं पुन्हा सिंधुबाईंकडे पाहिलं, आणि इतका वेळ सावरलेला तिचा आवाज तिथं फुटला.

"तुम्ही मला दिलंत, काकू, त्याचं मला काही नाही. पण देऊन टाकल्यावर माणूस एवढं नकोसं होतं का? माझ्या ताटात भाकरी टाकायलासुद्धा तुमचा हात वळत नाही! देवीच्या पायाशीसुद्धा माझा पेढा दुसऱ्याच्या हातावर... मी काय केलं होतं, तेवढं सांगा. तेवढंच घेऊन जाते."

आतडं पिळवटणं म्हणजे काय ते सिंधुबाईंना त्या क्षणी कळलं. एक वाक्य बोलायचं होतं. शपथ होती गं बाळा, एवढंच! पण त्या वाक्याच्या दुसऱ्या टोकाला सुवर्णा उभी होती. शपथ कुणासाठी घातली, कुणाच्या भीतीपायी पाळली, हे विचारल्याशिवाय पोर राहणार नव्हती. आणि आत्ताच जिनं 'तू आईच आहेस' म्हणून सुवर्णाला जन्माचं सौख्य दिलं, तिच्या मनात त्या आईविषयी अढी घालून तिला विमानात बसवायचं? द्यायची तर पुरती दे, सासूबाई म्हणाल्या होत्या. पुरती द्यायची अजून थोडी राहिली होती म्हणायची!

सिंधुबाईंनी पदर सावरला आणि नजर ताटावर रोखली.

"मुलगी नको होती मला," त्या म्हणाल्या. "कुंदन होता, दुसराही मुलगाच पाहिजे होता. मुलगी झाली म्हणून दिली. मग माया कुठून येणार? झालं समाधान? आता आईच्या हातचं दही खा आन् नीघ."

स्वतःच्या जिभेनं स्वतःच्या गळ्यावर सुरी फिरवावी तसं झालं त्यांना. खंडेरावांनी झटकन मान वर केली. मनीषाचा चेहरा पांढराफटक पडला. ती हळूच उठली, खुर्चीला अडकवलेली पर्स तिनं घेतली आणि दाराकडे वळली.

"खोटं! साफ खोटं बोलतात त्या!"

आयुष्यात कधी वरच्या पट्टीत न बोललेली सुवर्णा उभी राहिली होती. सगळं हॉटेल वळून बघायला लागलं.

"मनी, जाऊ नको. यांनी मला विहिरीवरून ओढून आणलं आन् तुला माझ्या ओटीत घातलं. मी जगावं म्हणून दिलं! आन् सासूबाईंनी यांच्याकडून शपथ घेतली, तुझ्या टाळूवर हात ठेवून, की तुझ्या तोंडात यांच्या हातचा घास जाणार नाही. गेला तर तुझं वाईट होईल म्हणून! म्हणून वाढत नाहीत त्या. भिंतीकडे तोंड करून का उभ्या राहतात माहीत हे? तुला वाढायला हात शिवशिवतात म्हणून!"

"सुवर्णा, बस कर," सिंधुबाई म्हणाल्या.

"नाय ताई, आज बोलू द्या. अजून एक राहिलंय, ते तर तुम्हालाही ठाऊक नाही." सुवर्णानं टेबलाचा आधार घेतला. "शहाण्णव साली सासूबाई गेल्या ना... जायच्या आधी दोन दिवस त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, पोर मोठी झाली, आता ती तुझी ती तुझीच. सिंधूला सांग, शपथ सुटली म्हणावं. मी तिच्याशी फार कठोर वागले... मी हो म्हटलं. आन् नाय सांगितलं! वाटलं, एक घास... एकच घास यांनी भरवला तर पोर माझ्या हातातून जाईल. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता नऊ वर्षं गेली, ताई."

नऊ वर्षं! सिंधुबाई ऐकत होत्या, पण कानात नुसता घुमारा भरला होता. नऊ वर्षांतल्या भाकऱ्या, नऊ दिवाळ्या, नऊ वाढदिवस... आणि त्या सगळ्यांतून एक खोली त्यांच्या डोळ्यांपुढे लख्ख उभी राहिली.

"तिला मलेरिया झाला होता," त्या अगदी सावकाश म्हणाल्या. "नव्व्याण्णवला. आठ दिवस पेज पोटात ठरत नव्हती. तापात पाणी, पाणी करायची. तू औषध आणायला गेली होतीस आन् मी दाराआड हातात पेला धरून उभी होते. उभीच होते, सुवर्णा! आत पाऊल टाकता येईना... तू नुसतं म्हणाली असतीस."

"तेव्हाही नाय बोलले मी," सुवर्णा हुंदका देऊन म्हणाली, आणि भर हॉटेलात, त्या चकचकीत फरशीवर, जावेच्या पायांशी कोसळली.

सिंधुबाईंनी तिला उचललं नाही. बावीस वर्षांत कधी न आलेला राग आज एकदम आला होता, आणि तो खोटा नव्हता. देणारीनं दिलं होतं. पण जे परत मिळणार होतं तेही हिनं पदराखाली दाबून ठेवलं! मनीषा दाराशी थिजून उभी होती. सोमनाथनं तोंड दोन्ही हातांत झाकून घेतलं होतं. कुंदन आईकडे असा बघत होता, जणू ही बाई त्याला आजच भेटत होती.

तेव्हा खंडेराव बोलले. हा माणूस दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलायचा.

"सिंधू, विहिरीवरून हिला तूच आणली ना? मग आता पुन्हा ढकलू नको."

एवढंच. सिंधुबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या दिवशी गोठ्याकडे निघून गेलेल्या माणसाचे डोळे काठोकाठ भरले होते. मग त्यांनी खाली पाहिलं. आपल्या पायांवर डोकं घासणारी ही बाई नऊ वर्षं चोरी करत होती, आणि नऊ वर्षं त्या चोरीनं तिला एक रात्र सुखाची झोप लागू दिली नव्हती. दोन हातांची पोर उपाशी राहते म्हणे. इथं तर दोघी आयाच उपाशी राहिल्या होत्या! सिंधुबाई वाकल्या आणि त्यांनी सुवर्णाच्या दंडाला धरलं. तोच दंड, आणि तशीच घट्ट पकड.

"ऊठ. लोक बघतात. ऊठ, बाई."

एव्हाना वाढप्यानं घाबरून यांची ताटं-वाट्या उचलून नेल्या होत्या. त्यात दह्याची वाटीही गेली. हॉटेलचे मॅनेजर लगबगीनं आले. "काही कमी पडलं का, काका?"

"नाय साहेब," खंडेराव उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले. "लय वर्षांचं वाढायचं राहून गेलं होतं. एक वाटी दही पाठवा. साखर घालून."

दही आलं. सिंधुबाईंनी वाटी उचलली, चमचा भरला, आणि हात मधेच थांबला. बावीस वर्षांची भीती अशी एका वाक्यानं थोडीच जाते!

"तू म्हण," त्या सुवर्णाला म्हणाल्या. "त्यांनी तुला सांगितलंय ना? मग तुझ्या तोंडून म्हण."

"सुटली, ताई," सुवर्णा रडत म्हणाली. "शपथ सुटली. सुटली!"

मनीषा केव्हाच परत येऊन समोर बसली होती. गडाखाली केली तशीच ओंजळ तिनं पुढे केली. सिंधुबाईंनी चमचा त्या तळहातावर रिता केला. निम्मं दही टेबलावर सांडलं. मनीषानं ते चाटून घेतलं, मान खाली घालून, सावकाश, काहीही वाया न जाऊ देता. आणि मग ओला हात तसाच धरून म्हणाली, "साखर फार झाली, काकू."

"असू दे," सिंधुबाई म्हणाल्या. "राहिलेल्या सगळ्या वेळची आहे."

कुंदन हसला, आणि हसता हसता तोंड फिरवून नाक पुसू लागला.

द्वारकेला पोचले तेव्हा चारला पाच मिनिटं होती. बस लागलेली, क्लीनर "मुंबई, मुंबई" म्हणून ओरडत होता. सोमनाथ विमानतळापर्यंत जाणार होता. तो बॅगा घेऊन आधी चढला. मनीषा सगळ्यांच्या पाया पडली. सुवर्णाच्या गळ्यात पडून म्हणाली, "आई, येते." सिंधुबाईंपुढे वाकून म्हणाली, "काकू, येते." तोच शब्द, रोजचाच, सिंधुबाईंना त्यात काही कमी वाटलं नाही. उलट सुवर्णाचा जीव त्या शब्दानं कसा भांड्यात पडला, ते त्यांनी पाहिलं आणि त्यांना बरंच वाटलं.

पोर आत जाऊन खिडकीशी बसली. ड्रायव्हरनं गाडी चालू केली, आणि तेव्हा कुठे सिंधुबाईंना आठवलं! काखेतल्या पिशवीत फडक्यात बांधलेल्या दशम्या होत्या, घरून निघताना दुधात भिजवून केलेल्या, आणि बरोबर शेंगदाण्याची चटणी. चार दिवस त्यातलं एक गाठोडं त्यांनी मनीषाच्या पुढच्या प्रवासासाठी वेगळं काढून ठेवलं होतं. घाईघाईनं त्यांनी ते काढलं आणि बावीस वर्षांच्या सवयीनं, विचारही न करता, सुवर्णापुढे धरलं.

"हे मनीला दे गं, लवकर..."

सुवर्णानं एकवार त्या गाठोड्याकडे पाहिलं, एकवार जावेकडे पाहिलं, आणि आपले दोन्ही हात पाठीमागे नेऊन घट्ट बांधून घेतले.

बस हलली. खिडकीतून मनीषाचा हात बाहेर आला होता. सिंधुबाईंना क्षणभर कळेना, हे गाठोडं आता पोचवायचं कुणी. आणि मग कळलं, तेव्हा पदर खोचून, चपला तिथेच टाकून, पन्नाशी उलटलेली ती बाई भर रस्त्यात त्या हातामागे धावत सुटली.

गाठोडं पोचलं.